भरती-ओहोटी बघून फ्लायवर गरवायची वेळ कशी ठरवायची? (कर्लीची खाडी, देवबाग)

कोयनाकाठ

नदीत महसीरसाठी फ्लाय (गळावर पिसं-केस बांधलेलं खोटं आमिष) वापरतो, खाऱ्या पाण्याची सवय नाही. पुढचे काही महिने देवबागला वरचेवर जाणं होणार आहे. कर्लीच्या तोंडापासून आत तीन-चार किलोमीटरपर्यंत, बहुतेक काठावरून किंवा गुडघाभर पाण्यात उभं राहून टाकता येईल. लक्ष्य मुख्यतः जिताडा (तिकडे चोणक म्हणतात तो) आणि तांबोशी.

सामान: ९ फुटी ८ नंबरची रॉड, तरंगणारी लाइन, १/० आणि २/० गळावरचे क्लाऊझर आणि डिसीव्हर (दोन्ही लहान माशासारख्या दिसणाऱ्या फ्लाय).

नदीत पाणी एकाच दिशेला वाहतं, त्यामुळे मासा कुठे तोंड करून असेल ते कळतं. इथे दर सहा तासांनी सगळं उलटं होतं. पुस्तकात "भरतीला जा" लिहिलेलं असतं, कोळी म्हणतात "सुकतीला (ओहोटीला) जा". भरतीच्या तक्त्यात दिलेल्या उंचीवरून नेमकं काय काढायचं? उधाण (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी) चांगलं की भांग (अष्टमीच्या आसपासची लहान)? पहाटेचा उजेड महत्त्वाचा की पाणी? आणि पाण्याची ओढ वाढली की फ्लाय वरच्या वर वाहून जाते, त्याला उपाय काय?

---

तारकर्लीवाला

उंची आधी विसरा. तक्त्यातली उंची ही नकाशाच्या शून्यापासून मोजलेली असते, तुमच्या पायाखालच्या पाण्याची खोली नव्हे. मासा उंचीवर खात नाही, वाहत्या पाण्यावर खातो. त्यामुळे ज्या ठिकाणी टाकणार आहात तिथे उजेड असताना पाणी कोणत्या दिशेला आणि किती जोरात चालू असेल, एवढंच काढायचं. ते तिथीवरून कॅलेंडर बघून निघतं.

जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना लागू, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. तासभर इकडेतिकडे होतं, पण महिन्याची आखणी करायला पुरतं.

यातून जी गोष्ट हाती लागते ती फार मोलाची आहे. आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक तिथीला पहाटेचं पाणी ठरलेलं असतं.

पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. म्हणजे उजाडताना भरतीची नुकती सुरुवात.

तृतीया ते पंचमी: भरती रात्री सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान झालेली, ओहोटी साडेआठ ते पावणेदहाला. म्हणजे उजाडताना पाणी ऐन जोरात बाहेर पडतंय, आणि शेवटचे दोन तास पूर्ण उजेडात मिळतात. संध्याकाळीही हाच क्रम. जिताड्यासाठी खाडीच्या आत माझी पहिली पसंती याच तीन दिवसांना.

अष्टमी: पहाटे सहाला पाणी भरून उभं. वर भांग, म्हणजे ओढही कमी. पहाट बघून आलेल्या माणसाची सर्वात निराशा करणारी तिथी हीच.

दशमी ते द्वादशी: उजाडताना भरती अर्ध्यावर, साडेसात ते नऊला पूर्ण. संगमाच्या (खाडी समुद्राला मिळते त्या) बाजूला, वाळूच्या दांड्यावर उभं राहून टाकायला हे दिवस चांगले.

उधाण बरोबर पौर्णिमेला येत नाही, एक-दोन दिवस मागून येतं. म्हणून द्वितीया-तृतीयेची ओढ पौर्णिमेपेक्षा जास्त असते. नवखे पौर्णिमेला येतात आणि तृतीयेला घरी जातात, हे उलटं व्हायला हवं.

आता जोर. सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत-उतरत नाही. बाराव्या हिश्शाचा नियम वापरा: पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. उधाणाला तिकडे फरक २ मीटर धरला तर तासागणिक १७, ३३, ५०, ५०, ३३, १७ सेंमी. तिसऱ्या-चौथ्या तासाला अरुंद जागी ८ नंबरच्या रॉडने काही करता येत नाही, तेव्हा रुंद जागी किंवा आडोशाला जा. दुसरा आणि पाचवा तास फ्लायसाठी सर्वात सोयीचे. भांगाला मात्र उलट: मधले दोन तासच कामाचे, बाकी वेळ पाणी जेमतेम हलतं.

एक पथ्य. तिथीचा हिशेब आखणीसाठी, पाण्यात उतरण्यासाठी नाही. उधाणाच्या आसपास भरती रोज साधारण ४० मिनिटांनी पुढे जाते आणि भांगाच्या आसपास तासाहून जास्त, तर पाऊणपटीत ती रोज ४५ मिनिटंच धरलेली आहे. उतरण्याआधी छापील किंवा मोबाइलवरचा तक्ता बघाच.

---

खारबंदिस्ती

वरचं सगळं मान्य. आता "भरती की सुकती" यावर. दोन्ही बरोबर आहेत, जागा वेगळ्या आहेत.

खाडीच्या तोंडाशी भरती चांगली, कारण समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं आणि त्याबरोबर कोकर, रावस दांड्याच्या कडेने फिरतात. खाडीच्या आत कांदळवनात सुकती चांगली. भरतीला बोय माशांची पिल्लं आणि कोळंबी चिपी-तिवरांच्या मुळांत शिरतात, जिताडा आणि तांबोशी त्यांच्यामागे आत जातात, आणि तिथे फ्लाय पोचत नाही. पोचली तरी परत येत नाही. पाणी उतरायला लागलं की मुळांतलं सगळं भक्ष्य चरांमधून (पाण्याच्या अरुंद वाटांमधून) बाहेर पडायला लागतं आणि मासा चराच्या तोंडाशी येऊन थांबतो. खारजमिनीच्या बांधाला जिथे उघाडी (पाणी बाहेर सोडणारी झडप) आहे तिथेही हेच: बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की झडप आपोआप उघडते आणि आतली कोळंबी धारेबरोबर बाहेर येते.

चर कसा निवडायचा: ओहोटीच्या चौथ्या तासालाही पाणी वाहतंय असा. जो चर पहिल्या दोन तासांत रिकामा होतो तो सोडा. तोंडाशी खोलगट भाग हवा, मांडीभर तरी. चराचं गढूळ पाणी आणि खाडीचं निवळ पाणी यांच्यामध्ये रेघ दिसते. ती रेघ हीच तुमची जागा. जिताडा निवळ बाजूला, रेघेपासून हातभर अंतरावर, चराकडे तोंड करून असतो.

उभं कुठे राहायचं यात नदीवाले चुकतात. चराच्या वरच्या अंगाला उभं राहून खाली टाकलं तर फ्लाय ओढीच्या विरुद्ध येते. तोळाभर वजनाची कोळंबी ओढीविरुद्ध पोहत नाही, मासा मागे येऊन परत जातो. अगदी खालून सरळ वर टाकलं तर लाइन तुमच्याकडेच वाहत येते आणि ताण राहत नाही, चावा कळत नाही. चराच्या तोंडासमोर बाजूला, रेघेपासून १२-१५ मीटरवर उभे राहा. ओढीच्या थोडं वर, ६० अंशाच्या आसपास तिरकं टाका, लाइनचं पोट वर उचलून मागे ठेवा, फ्लाय बुडू द्या, मग रेघ ओलांडताना दोन छोट्या ओढी आणि एक थांबा. बहुतेक चावे थांब्याला येतात.

चावा आला की रॉड उचलायची नाही. जिताड्याचं तोंड कठीण असतं, रॉड उचलली तर गळ सरकतो. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात मागे ओढा, गळ बसल्याची खात्री झाल्यावरच रॉड वर.

लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला धागा): २० पौंडाचा दीड-दोन मीटर, पुढे ४० पौंडाचा फ्लुरोकार्बन ४५ सेंमी. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, २० पौंडाचा धागा एका झटक्यात जातो. तांबोशीसाठी तर ५० पौंड बांधा, ती गळ लागताच थेट मुळांकडे किंवा कालवांच्या खडकाकडे जाते आणि पहिल्या दोन मीटरांतच निकाल लागतो. फ्लाय बांधताना घट्ट गाठ नको, न सरकणारा छोटा फास द्या, म्हणजे जाड धाग्यावरही ती मोकळी हलते.

---

कोयनाकाठ

दोघांचे आभार. चराच्या रेघेचं नीट समजलं. पण तरंगणाऱ्या लाइनवर दीड मीटर खोलीच्या जागी जड डोळ्यांचा क्लाऊझरही वाहून जातो. फ्लाय आणखी जड करावी की लाइन बदलावी? आणि देवबागची वेळ आणि आत चार किलोमीटरवरची वेळ यांत फरक किती धरायचा?

---

उलटा_वारा

लाइन बदला. ८ नंबरच्या रॉडवर दीड ग्रॅमपेक्षा जड डोळे बांधले की टाकताना लाइनचा हवेतला वळसा मोडतो, वाऱ्यात फ्लाय पाठीत बसते आणि रॉडला आपटून कार्बन फुटतो.

हिशेब करून बघा. आधी ओढ मोजा: नारळाच्या सोडणाचा तुकडा पाण्यात टाका आणि काठाने ५ मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा. १० सेकंद लागले तर ओढ सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे साधारण एक नॉट. इंटरमीजिएट (हळू बुडणारी) लाइन सेकंदाला ४ सेंमीच्या आसपास बुडते. १२० सेंमी खाली जायला ३० सेकंद, तेवढ्यात फ्लाय १५ मीटर पुढे गेलेली. म्हणजे ती तळाला पोचतच नाही. सेकंदाला १५ सेंमी बुडणारी लाइन ८ सेकंदांत पोचते, तोवर सरकते ४ मीटर. म्हणून जिथे मासा आहे त्याच्या ४-५ मीटर वरच्या अंगाला टाकायचं. हे वेग स्थिर पाण्यातले आहेत. लाइनवर ताण आला की ती वर उचलली जाते, म्हणून पहिले ८ सेकंद लाइन ढिली सोडत राहा.

माझ्या मते तिकडे दोन लाइन पुरतात: उथळ कडेसाठी इंटरमीजिएट, आणि पुढचे ३ मीटर जलद बुडणारे असलेली सिंक-टिप. तरंगणारी लाइन पाणी उभं असताना किंवा भांगाला ठीक. एक काळजी घ्या: थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, रिंगांना चिकटते आणि लांब जात नाही. डब्यावर उष्ण हवामानासाठी असल्याचं बघूनच घ्या.

ओढीत उभं असताना मोकळी लाइन पायाशी सोडू नका, ती वाहून जाऊन पुढच्या टाकीला ओढ लावते. कमरेला उथळ प्लास्टिकचा टब बांधा आणि त्याच्या तळाला भोकं पाडून ८-१० केबल टाय उभे बसवा, बोटभर उंचीचे. त्यामुळे लाइनचे वेढे एकमेकांत गुंतत नाहीत.

वेळेच्या फरकाचं उत्तर दुसऱ्याच्या खाडीवरून घेऊ नका. खाडीची रुंदी, गाळ, वळणं यांवर ते ठरतं. तुमच्या जागी एक बांबू रोवा, १० सेंमीवर रंगाचे पट्टे मारा, आणि दर १५ मिनिटांनी पाणी वाचा. पाणी वरचं टोक कधी गाठतं ते तक्त्याशी ताडून बघा. एकदा उधाणाला, एकदा भांगाला. दोन गोष्टी लक्षात येतील. एक, जसजसं आत जाल तसतशी भरती कमी वेळात चढते आणि ओहोटी लांबते. दोन, पाणी उतरायला लागलं तरी ओढ काही वेळ आतच चालू राहू शकते. बांबूवर उंची दिसते, दिशा दिसत नाही, म्हणून प्रत्येक वाचनाला सोडणाचा तुकडाही टाका. तुम्हाला हवी ती वेळ म्हणजे ओढ पालटल्यापासूनची, उंची पालटल्यापासूनची नाही.

उधाणाच्या ओहोटीला एकदा रॉड न घेता जा. उघडे पडलेले खडक, बुडलेले ओंडके, चरांची तोंडं यांचे फोटो काढा आणि मोबाइलवर खुणा करून ठेवा. भरलेल्या पाण्यावर नजर टाकून हे कधीच कळत नाही.

वारा: सकाळी मतलई जमिनीकडून येते, दुपारकडे खारा वारा सुटतो. ओहोटी बाहेर आणि वारा आत असला की तोंडाशी लाटा उभ्या राहतात. तृतीया-चतुर्थीला दुपारनंतरची ओहोटी म्हणूनच त्रासाची, सकाळची शांत.

---

धरमतर_पेण

कोयनाकाठ, तुम्ही देवबागला आहात म्हणून वरचे आकडे चालतील. पण हा धागा वाचून कुणी रायगड, ठाणे, मुंबईकडे तेच वापरेल म्हणून लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडे जाल तसा भरती-ओहोटीतला फरक वाढतो. गोव्यात उधाणाला दीड ते दोन मीटर, मुंबईत सरासरी ३.६ मीटरच्या आसपास, खंभातच्या आखातात भावनगरकडे १० मीटरच्या घरात. मुंबईच्या फरकाला बारावा हिस्सा ३० सेंमी, म्हणजे तिसऱ्या तासाला पाणी ९० सेंमी चढतं. गुडघाभर पाण्यात उभे असाल तर तासाभरात छातीच्या वर. मागे चर असेल तर तो आधी भरतो आणि परतीची वाट तुटते. म्हणून इकडे भरतीत वाळूच्या दांड्यावर किंवा चिखलाच्या पट्टीवर उभं राहायचंच नाही. ओहोटीच्या चौथ्या तासाला उतरा, पाणी पालटायच्या अर्धा तास आधी बाहेर या. मोबाइलवर गजर लावा. टाकण्याच्या नादात घड्याळ बघितलं जात नाही.

इकडे उधाणाला पाणी इतकं गढूळ होतं की हातभर खोलीवरची फ्लाय माशाला दिसत नाही. धरमतरसारख्या खाडीत मी भांगाची शिफारस करतो: षष्ठी ते नवमी. ओढ कमी, गाळ बसलेला, मासा फ्लाय बघून येऊ शकतो. गढूळ पाण्यातच टाकावं लागलं तर काळी-जांभळी, डोक्याला भरगच्च केसांची फ्लाय घ्या, जी पाणी ढकलते. चकाकीचा उपयोग होत नाही.

चिखलात पाय मांडीपर्यंत गेला तर ओढून काढू नका, बूट निघतो आणि दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे बसा, वजन पसरा, पाय हलवत पाणी शिरू द्या, मग हळू काढा. वाळूवर पाय घासत चाला, पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दचकून बाजूला होते. पाऊल उचलून टाकलं तर तिच्या पाठीवर पडतं आणि काटा घोट्यात जातो. कालवांच्या खडकावर जाड तळाच्या बुटांशिवाय जाऊ नका.

देवबागलाही एक धोका आहेच. संगमावर ओहोटीची धार अरुंद तोंडातून थेट समुद्रात जाते. तिथे तिसऱ्या-चौथ्या तासाला कमरेपर्यंतही उतरू नका, आणि लाइफ जॅकेट घाला. पाय सुटला तर धारेविरुद्ध पोहून परत येता येत नाही, ती काठाकाठाने नेत नाही, थेट बाहेर समुद्रात नेते.

---

डार्विनकर

इथे ऑस्ट्रेलियात डार्विनला हाच जिताडा, बारामुंडी या नावाने. भरती-ओहोटीतला फरक ८ मीटरपर्यंत जातो, त्यामुळे पाण्याचा विचार केल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. धरमतर_पेण यांनी भांगाबद्दल लिहिलं ते इथेही तसंच: बंदराच्या भागात स्वच्छ पाण्यासाठी लोक भांग धरतात.

पावसाळा संपताना मात्र वेगळं. पूरमैदानावरचं साचलेलं पाणी ओहोळांतून नदीत उतरतं तेव्हा मासे ओहोळाच्या तोंडाशी गोळा होतात. रेघेवर टाकण्याची जी रीत खारबंदिस्ती यांनी सांगितली तीच इथे चालते. कोकणात याला जुळणारा काळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, भातखाचरांतलं आणि खारजमिनीतलं पाणी उतरतं तेव्हा.

त्याआधी भर पावसात एक गोष्ट गोंधळात टाकेल. नदीला पूर असला की वरचं गोडं पाणी भरतीतही बाहेरच वाहतं आणि जड खारं पाणी तळातून आत येतं. वर सोडण टाकून ओढ मोजली तर दिशा चुकीची कळेल. तळाची दिशा बघायला धाग्याला लहान शिसं लावून खाली सोडा आणि धागा कुठे तिरका होतो ते बघा.

एक विनंती. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. दहा किलोच्या वरचा मासा म्हणजे जवळपास नक्की मादीच. गळाचा काटा पक्कडने आधीच दाबून ठेवा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, आणि सोडताना ओढ मंद असलेल्या जागी त्याचं तोंड पाणी येतंय त्या दिशेला धरून उभे राहा. शेपटीने स्वतः जोर लावेपर्यंत सोडू नका.

---

कोयनाकाठ

सिंक-टिप मागवतो आणि बांबूपासून सुरुवात करतो. वद्य तृतीया ते पंचमी धरून येतोय. आत जाताना डाव्या काठाला उघाडी आहे, तिथे टाकायला कुणाची परवानगी लागते का?

---

खारबंदिस्ती

बांध बहुतेक ठिकाणी गावच्या शेतकऱ्यांच्या ताब्यात असतो, आणि उघाडीला जाळं लावायचा हक्क कुणाला दिलेला असू शकतो. गावात विचारूनच उभे राहा. जाळं लावलेलं असेल तर त्या सुकतीला ती जागा सोडा, जाळ्याच्या दोऱ्यांत फ्लाय अडकते आणि त्यांचंही नुकसान होतं. परवानगी मिळाली तरी झडपेच्या चौकटीवर उभं राहू नका, शेवाळ असतं. बाजूच्या बांधावरून, झडपेच्या १०-१२ मीटर खाली, धार जिथे रुंद होऊन मंदावते तिथे टाका. तृतीयेला सात वाजता पोचलात तर झडप उघडलेली आणि पाणी चालू असेल.